हा वाटा कुणाचा

जेऊर स्टेशनात पॅसेंजर फार थांबत नाही, म्हणून बापूंनी मला गाडीच्या कितीतरी आधी आणून बाकावर बसवलं होतं. आई शेजारी बसली होती, बापू उभेच होते. सांगायचं सगळं घरातून निघताना आणि एस.टी.त सांगून झालं होतं, त्यामुळं आता तिघंही रुळांकडं बघत होतो. पलीकडं कुणाच्या तरी शेळ्या बाभळीच्या शेंगा खात होत्या. मधेच आईनं माझं बोचकं सोडलं, आतली भाकरी-चटणी चाचपली आणि पुन्हा गाठ मारली. आधीची गाठही काही वाईट नव्हती.

सिग्नल पडला तेव्हा ती म्हणाली, "कुणी काय दिलं तर न्हाई म्हनू नगंस. आन आपुन हून मागू नगंस."

बापू म्हणाले, "तितं आपलं कोन न्हाई. यवढं ध्येनात ठिव, म्हंजी झालं."

रागानं म्हणाले नाहीत. उन्हात निघालेल्याला डोक्याला फडकं बांध म्हणावं, तसं म्हणाले. गाडी हलली तसा मी हात केला. बापूंनी हात वर केला नाही. टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

माझा नवरा महादेव मी इकडं यायच्या आधीपासून घाटात लायनीवर खडी टाकायच्या कामाला होता. ते काम सुटलं. तिथंच ओळख झालेले वामनदादा, रेल्वेतले फिटर, नुकतेच रिटायर झाले होते. कर्जतहून कोंडाण्याकडं जाणाऱ्या वाटेला, नदीच्या काठावर त्यांचा लहानसा मळा होता. राखणीला आणि राबायला माणूस हवं होतं, राहायला मळ्यातच खोपट होतं. 'बायकोला घेऊन ये,' ते म्हणाले. म्हणून मी निघाले.

मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि धाकट्या भावंडाला बघायला घरात कुणी नव्हतं, तेव्हा पाटी ठेवून दिली. लिहिता-वाचता येतं ते त्या चौथीवर आणि पुढं वामनदादांकडं येणाऱ्या पेपरवर. म्हणून लिहायला बसते तेव्हा अजून धाकधूक होते, की कुणी वाचून म्हणेल, हिला कुणी सांगितलं होतं. पण गावाकडं राहिलेल्यांना वाटतं आम्ही निघून आलो म्हणजे सुटलो, आणि जे माझ्यासारखे निघून आले ते यातलं काही बोलत नाहीत. कुणीतरी एकानं सांगावं म्हणून सांगते. फक्त एका उन्हाळ्याचं सांगते.

गाडी घाट उतरायला लागली आणि बोगद्यामागून बोगदे आले, तेव्हा मला वाटलं आपण जमिनीच्या पोटात चाललोय. कर्जतला उतरले तर हवा ओली, अंगाला चिकटणारी. आमच्याकडचं ऊन कोरडं; अंगावर पडतं आणि निघून जातं. इथलं ऊन मुक्कामाला राहतं. रात्रीसुद्धा भिंतीत असतं.

मळा वामनदादांचा होता, पण त्यातली भाजी त्यांची नव्हती. हे डोक्यात शिरायला मला बरेच दिवस लागले. कर्जतमधली वीसेक घरं होती, काही रेल्वेच्या क्वार्टरातली, काही दादांच्या बौद्धवाडीतली, दोन-चार बाजारपेठेतली. ही घरं होळीच्या आधीच हंगामाचे पैसे दादांकडं देऊन ठेवत. त्यातून बी-खत, नदीचं पाणी उपसायच्या इंजिनाचं तेल आणि आमचा पगार. मग उन्हाळाभर दर रविवारी मळ्यात जे निघेल त्याचे सारखे वाटे. भरपूर निघालं तर सगळ्यांना भरपूर. नाही निघालं तर सगळ्यांनी मिळून उपाशी. बाजारात एक जुडीसुद्धा जायची नाही. दादा म्हणायचे, "आमी भाजी इकत नाय. आमी सगले मिलून एक शेत खातो."

गावाकडं असलं काही मी बघितलं नव्हतं. तिथं ज्याच्या शेतात पाऊस पडला नाही, ते त्याचं नशीब. इथं न पडलेल्या पावसाचेसुद्धा वाटे होत होते.

रविवारी सकाळी माणसं पिशव्या घेऊन यायची. कुणी चालत, कुणी सायकलवर. पोरं नदीच्या डोहात उतरायची आणि बायका सावलीला बसून माझ्या बोलण्याला हसायच्या. मी दोडका म्हटलं की एखादी ओरडायची, "अगं दोडका काय नि आवडता काय! शिराळं म्हन, शिराळं!" मी हसायचे, आणि मनात धसका, की भाजीचं नावसुद्धा येत नाही असल्या बाईला हे ठेवतील किती दिवस.

वाटे घालायची रीत मात्र मला पहिल्याच रविवारी कळली. पूर्वी शिकारीचे आणि मासळीचे वाटे असेच घालत, असं दादा सांगायचे. गोणपाटावर ढीग लावायचे, डोळ्याला सारखे दिसतील असे. एका माणसानं सगळ्यांकडं पाठ करून बसायचं. दादा एका ढिगाला काठी टेकवून विचारणार, "हा कुनाचा?" पाठ केलेल्यानं एका घराचं नाव घ्यायचं. नाव निघालं की ढीग त्या घराचा. मग तो वाटा बदलायचा नाही आणि टाकायचा नाही, हा नेम. कारण बदलाबदली सुरू झाली की भांडणं सुरू होतात, आणि ज्यानं टाकलं त्यानं बाकीच्यांच्या कष्टावर थुंकल्यासारखं.

दुसरा नेम पाठ करून बसणाऱ्याचा. त्याचा स्वतःचा वाटा त्यात नसावा आणि बसलेल्यांत त्याचं कुणी नसावं. पण कर्जतसारख्या ठिकाणी कुणाचं कुणाशी काही लागत नाही, असं माणूस आणायचं कुठून? आदल्या हंगामात त्यावरून दोन घरं सोडून गेली होती. मी आले त्या पहिल्याच रविवारी दादांनी हाक मारली.

"ये गं शांता, बस हितं. तुजं हितं कोन नाय ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग बेस झालं!"

सगळे हसले. बापूंनी ज्याची भीती घातली होती, त्याचीच मला नोकरी लागली.

नदीकडं तोंड करून मी दगडावर बसायचे. एखादं घर विसरेन, एखादं दोनदा घेईन, या भीतीनं शनिवारभर नावं घोकायचे. नेहमीच्या क्रमानं घेतली तर कुणी संशय घेईल म्हणून दर वेळी उलटीपालटी करून घ्यायचे. मागून आवाज यायचा, "हा कुनाचा?" आणि मी सांगायचे. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालेला शब्द कुणी मोडत नव्हतं.

दादांची थोरली बहीण म्हणजे सोनाआत्या. दवाखान्यात आयाचं काम करून घरी बसलेली, विधवा, मूलबाळ नाही. स्टेशनामागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. तिचाही मळ्यात एक वाटा होता. शनिवारी भाजी तोडायला म्हणून यायची आणि आमच्याच खोपटात पडायची. मला पहिल्यांदा बोलताना ऐकलं तेव्हा दादांना म्हणाली, "ही कशी रं बोलते? रेडिओत खरखर होते तशी!" आणि मग मलाच, "बोल गं बोल. आमाला सवय होईल." गवार कशी खुडायची, कोणत्या भेंडीला अजून दोन दिवस द्यायचे, ते तिनं दाखवलं. जेवताना माझ्या ताटातली मिरची विचारल्याशिवाय उचलायची.

चैत्रात माझा थोरला भाऊ आप्पा आला. कर्जतवरून उन्हातून चालत आला होता, ओठ पांढरे पडलेले. आत्यानं तांब्या भरून पुढं केला. आप्पानं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तहान न्हाई," म्हणाला.

आमच्या गावात ज्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं, त्यांच्यातल्याच धम्म घेतलेल्या घराचं अन्न मी खात होते. मला ते आठवायलाही उसंत झाली नव्हती. आप्पाला पहिल्या पावलालाच आठवलं. बसला नाही. बांधापर्यंत मी त्याच्या मागं गेले तेव्हा वळून म्हणाला, "हितलं पानी पितीस ना? मग गावाकडं आलीस तर रांजनाला हात लावू नगंस." आणि गेला.

परत आले तर आत्या तांब्या घेऊन तशीच उभी. "ऊन लागून मरंल, पन ताठ मरंल तुजा भाऊ," म्हणाली. मग तांब्यातलं पाणी मिरचीच्या बुडाला ओतलं, कारण पाणी फुकट घालवायचं नाही. मी रडायला लागले तशी ओरडली, "गप. आजपासून तू माजी पोरगी. झालं. संपलं."

तिनं ते मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते अख्ख्या कर्जतला सांगितलं.

वैशाखात इंजिन बिघडलं. मेकॅनिक येऊन बघून गेला, भाग मिळत नव्हता. नदी आटून डोहापुरती राहिली होती. महादेव कावडीनं आणि मी कळशीनं, असं दिवसभर पाणी घालायचो. पण मळा कळशीनं भिजत नाही. माठ कोमेजला, काकड्या वाकड्या धरायला लागल्या, मांडवावरचा दुधी मुठीएवढाच होऊन कडक व्हायला लागला. ढीग लहान झाले. आणि ढीग लहान झाले की माणसं ते नीट बघतात.

क्वार्टरात मालगाडीच्या गार्डची बायको होती. तिला सगळे गार्डीणबाई म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. तोंडानं फटकळ; पण मळ्याला घरं जोडून देण्यात तिचा मोठा हात. त्या दिवसांत दोन रविवार लागोपाठ चांगला ढीग आत्याच्या नावावर निघाला. पहिल्यांदा गार्डीणबाई हसत म्हणाली, "पाठीला डोलं हायत का गं शांते? का आत्या खोकते नि तुला कलतं?" सगळे हसले. दुसऱ्या वेळी ती हसली नाही.

"दादा, आपला नेम काय? बसनारीचं हितं कोन नसावं. हिची तर आता आई बसलीय समोर."

कुणी काही बोललं नाही. न बोलण्यावरून कळत होतं, की हे तिच्या एकटीच्या मनात नव्हतं. दादांनी नुसतं म्हटलं, "फुडल्या रविवारी बगू."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पाठ करून बसते म्हणून तर आम्हाला इथं ठेवलंय, असं माझ्या मनानं घेतलं होतं. दादा तसं कधी बोलले नव्हते, पण भीती वाटायला कुणी बोलावं लागत नाही. इंजिन बंद, भाजी नाही, वर मी लबाड ठरले तर खोपट जाणार. आणि खोपट गेलं तर जायचं कुठं? महादेवचं मागं घर नव्हतंच, आणि माझ्या गावात रांजणाला हात लावायची सोय राहिली नव्हती. महादेव म्हणाला, "काय व्हत न्हाई." तो सगळ्यालाच तसं म्हणायचा.

त्या रविवारी ढीग बघवत नव्हते. थोडी भेंडी, मूठभर माठ, एखादी काकडी, एकेक दुधी. मी पाठ करून बसले. नावं घेत गेले. "हा कुनाचा?" दादांनी विचारलं. मी म्हणाले, "सोनाआत्याचा."

मागं हशा झाला. मी वळून बघितलं. सगळ्यांत वाया गेलेला ढीग आत्याच्या वाट्याला आला होता. माठ लोळलेला, भेंडी जून आणि दुधी असा वाकडा, की मासे धरायचा गळच. आत्यानं तो दोन्ही हातांनी वर धरला होता.

"बगा गं बायांनो! पाठीला डोलं असते तर पोरीनं मला ह्यो दिला असता का? गार्डीणबाई, बग, जवल येऊन बग!"

"हरले गं बाई," गार्डीणबाई म्हणाली, आणि खरंच हसली.

आत्यानं दुधी बाळासारखा काखेत घेतला आणि मिरवत निघाली. एवढी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

पुढचं मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. आत्यानं घरी जाऊन त्या दुधीची चण्याची डाळ घालून भाजी केली आणि वाटीभर शेजारी दिली. शेजारणीनं घास तोंडात घातला आणि थुंकला. "आत्या, कडू जहर हाय. फेक." आत्या म्हणाली, "वाट्याला आलेलं फेकायचं नाय. आज फेकलं तर उद्या म्हनतील, आत्याला चांगलंच लागतं." तिनं वर गूळ घातला आणि सगळी भाजी संपवली.

कडू दुधी खाऊ नये हे तिला माहीत नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. देठाकडची फोड चाखल्याशिवाय कुठलीच बाई दुधी चिरत नाही. तिनंही चाखली असणार. पाण्याला तुटलेल्या वेलाचं एखादं फळ असं कडू उतरतं आणि पोटात गेलं तर आतडी सोलवटतं. डॉक्टरांनी ते नंतर सांगितलं. आधी सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. उलट्या, जुलाब, मग उलटीतून रक्त. सोमवारी दादांनी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. तिथं झाडलोट करणाऱ्या बायका तिच्या ओळखीच्या, त्या आळीपाळीनं तिच्याजवळ बसत होत्या.

मी गेले तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला ओळखलं. जवळ बोलावलं आणि म्हणाली, "पोरी, कुनाला सांगू नको गं दुधी कडू होता."

मी नाही सांगत म्हणाले. सांगायची गरजच नव्हती, शेजारणीनं तोवर अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आत्या गेली.

बुद्धवंदना झाली, सगळं रीतीनं झालं. मळ्यातली सगळी घरं आली होती, गार्डीणबाईसुद्धा. ती लांब, एका झाडाला धरून उभी होती. परत आल्यावर दादा कोयता घेऊन दुधीच्या मांडवाखाली शिरले. एकेक फळ तोडायचे, फोड कापून जिभेला लावायचे, थुंकायचे. मांडवाखाली फोडींचा खच पडला. बहुतेक सगळे गोड निघाले. तेच जास्त वाईट होतं. कडू निघाले असते तर वेलाला शिव्या देता आल्या असत्या. शेवटी त्यांनी मांडवाच्या मेढी उपटल्या आणि वेल तसाच उन्हात पडू दिला.

पुढच्या रविवारी कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. मी खोपट झाडून, भांडी बांधून ठेवली होती. महादेव म्हणाला, "उगं कशाला बांधतीस?" पण त्यानं सोडली नाहीत. मग बांधावरून माणसं दिसायला लागली. पिशव्या घेऊन नेहमीसारखी, फक्त पोरं आणली नव्हती. सगळी येऊन सावलीला बसली.

दादांनी ढीग लावले. आत्याचाही लावला. तिनं हंगाम भरलेला होता, वाटा तिचा होता, त्यांना दुसरं काही सुचलं नसणार. मला दगडाकडं बोट दाखवलं. मी बसले. नदीत पाणी नव्हतंच, नुसते गोटे. एकेक नाव घेत गेले आणि आत्याचं टाळत गेले. सगळी घरं संपली. तरी मागून आवाज आलाच.

"हा कुनाचा?"

मी गप्प बसले. दादांनी पुन्हा विचारलं. काठी त्यांनी उचलली नाही. नाव घेतल्याशिवाय वाटा उठत नाही.

"सोनाआत्याचा," मी म्हणाले.

मेलेल्या माणसाचा वाटा बदलायचा तर नेम मोडतो, टाकायचा तरी नेम मोडतो. काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग गार्डीणबाईचा आवाज आला.

"शांताला द्या. आत्याची पोरगी हाय ना ती."

बाजारपेठेतला एक जण म्हणाला, "पन मंग ती पाठ करून कशी बसंल? वाटा हाय त्यानं बसायचं नाय."

"नाय बसायची! आजपासून नाय. दुसरं बगा कोन तरी, ज्याचं हितं कोन नाय."

तिनं स्वतः उठून तो ढीग गोळा केला आणि माझ्या ओटीत आणून घातला. माझ्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही. तिनं माफी मागितली नाही आणि मीही तिला माफ केलं असं नाही. तिच्या एका बोलण्यानं माणूस मेलं होतं. त्याच तोंडानं ती मला त्या माणसाच्या जागी बसवत होती. नको म्हणावंसं वाटत होतं, पण आईनं स्टेशनात सांगितलेलं आडवं आलं. मी ओटी धरून उभी राहिले. आम्हाला कुणी काढणार नव्हतं, हे त्या घटकेला मला पक्कं कळलं. त्याचा आनंद झाला नाही. आपण ज्याच्यासाठी रात्र-रात्र घाबरत होतो ते मिळालं, आणि ते हातात घेववत नव्हतं.

मी बसणं बंद केल्यावर क्वार्टरात नव्यानं आलेल्या एका गँगमनची बायको बसवली. ती तेलुगू मुलखातली, तिला मराठी चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. मी सावलीतून तिच्या पाठीकडं बघायचे. खांदे कानाला लागलेले, मान ताठ. मी तशी दिसत असणार. माझं नाव ती 'सांतम्मा' असं घ्यायची.

ज्येष्ठात बापू गेल्याचा निरोप आला. पाऊस अजून लागला नव्हता. दादांना सांगून आम्ही दोघं निघालो आणि दहावा होईस्तोवर राहिलो.

माझं पान गोठ्याच्या बाजूला मांडलं होतं. भांडण झालं नाही, उलट सगळे हळू बोलत होते. पाणी मागितलं तर आप्पाची बायको आई‌कडं बघायला लागली. आई तांब्या घेऊन आली. मी तांब्या घ्यायला हात पुढं केला, तर ती थांबली. मला कळलं. मी ओंजळ धरली. आईनं वरून पाणी ओतलं. धार ओंजळीबाहेर पडत होती, पाणी माझ्या मनगटावरून कोपराकडं चाललं होतं. ती हळूच म्हणाली, "हात नीट धर गं."

एवढंच. जन्म दिलेल्या बाईनं मला त्या घरात शेवटचं सांगितलेलं एवढंच.

निघताना स्टेशनात सोडायला कुणी आलं नाही.

कर्जतला उतरून मळ्याकडं जायची वाट क्वार्टरांवरून जायची. आम्ही दोघं बोचकी घेऊन खाली बघत चाललो होतो. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"ए आत्याच्या पोरी! कुठं उलथली होतीस गं न सांगता?"

गार्डीणबाई पदर खोचून उभी. मी म्हणाले, दादांना सांगून गेलो होतो, बापू वारले.

"दादाला सांगितलं! आमी काय मेलो होतो?" ती ओरडली. मग बापूंचं तिच्या ध्यानात आलं तशी वळली. आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती ओल्या गोणपाटाचं गाठोडं घेऊन.

"दोन रविवार तुजं नाव निगालं नि घ्याला कोन नाय," म्हणाली. "रोज पानी मारत होते. पन ऱ्हाते थोडीच."

तिनं ते सोडलं. भेंडीला तार सुटली होती, काकडी पिवळी होऊन तिला पाणी सुटलं होतं, माठाचा काळा चिखल झाला होता. वास आला. महादेवनं तोंड फिरवलं.

"सडली सगली," गार्डीणबाई म्हणाली. "पन मी कशी टाकू? तुजी होती."

आता आम्ही खोपोलीला असतो. महादेव कारखान्यात आहे, चाळीत खोली आहे, नळाला पाणी येतं. मळा त्यानंतर दोन उन्हाळे कसाबसा चालला. दुधी कुणी लावला नाही. मग दादा थकले, जमीन मुंबईच्या कुणी घेतली. कुंपणाची भिंत झालीय म्हणतात, आत बंगला. मी बघायला गेले नाही. गावाकडं आई गेली ते मला महिन्यानं कळलं.

कुणी गाव विचारलं तर करमाळा सांगते, ते काही बदलत नाही. घर विचारलं की मला वेळ लागतो. तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना वाटत असेल, आम्ही इकडं येऊन नवी घरं केली. मला तरी तसं करता आलं नाही. एक बाई जागेवरून उठून गेली आणि तिच्या रिकाम्या जागेवर मला बस म्हणाले. ती जागा मी मागितली नव्हती. ती आयतीही मिळाली नाही. तिथं बसताना अजून अंग चोरून बसते, कारण जिची ती होती तिची मला आठवण येते. पण ज्या दिवशी उठून जावं म्हटलं, त्या दिवशी जायला दुसरी जागा नव्हती, आणि आता तर जायची इच्छाही होत नाही.

वर्षातून दोन-तीनदा कर्जतला जाते. गार्डसाहेब रिटायर झाले, त्यांनी नेरळकडं घर घेतलं. पण गार्डीणबाई बाजाराला कर्जतलाच येते, तिला तिकडची भाजी पटत नाही. तिला आता लांबचं नीट दिसत नाही. कुणीतरी सांगतं, की अमकी आलीय. ती मला शांता म्हणून कधी हाक मारत नाही. बाजारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडते, "आत्याची पोरगी आली गं!"

आणि मी ओ देते.